लिनक्ससाठी वायफाय अडॅप्टर: अल्फा एडब्ल्यूयूएस०३६एसीएम, सहा महिने वापरल्यावर

सहा महिने झाले वापरतोय, आता लिहायला हरकत नाही. अडॅप्टर अल्फाचा एडब्ल्यूयूएस०३६एसीएम, आत चिप मीडियाटेकची एमटी७६१२यू, आणि मशीन म्हणजे बाबांचा जुना असेंबल केलेला डेस्कटॉप, ज्यात वायफाय मुळातच नव्हतं. त्यावर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम. घाईत असाल तर एवढंच सांगतो, पोर्टमध्ये लावला आणि चालला. सीडी नाही, ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्राम) शोधणं नाही, टर्मिनल उघडणं नाही, काही सेकंदांत खाली कोपऱ्यात नेटवर्कची यादी आली, पासवर्ड टाकला, संपलं. पण त्याआधी एक अडॅप्टर घेऊन फसलो होतो आणि त्यात दोन महिने गेले, तेव्हा ते सगळं पण सांगतो, कारण माझ्या मते या रिव्ह्यूत तेच जास्त कामाचं आहे.

झालं असं की विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपणार हे कळल्यावर बाबांच्या पीसीचं काय करायचं हा प्रश्न आला. मशीन धडधाकट, रॅम पुरेशी, एसएसडी मी आधीच टाकून दिलेली, पण विंडोज ११च्या अटीत बसत नाही. चांगलं चालणारं मशीन फेकून द्यायचं माझ्या जिवावर येतं आणि बाबांचं काम म्हणजे ब्राउझर, मेल, व्हिडिओ कॉल, थोडं टायपिंग. म्हणून मिंट २२.१ टाकलं, कर्नल (लिनक्सचा गाभा) ६.८. प्रिंटर चालला, स्कॅनर चालला, मराठी टायपिंग चाललं, बाबा दोन दिवसांत रुळले. राहिलं होतं फक्त वायफाय. आधी राउटरजवळ टेबल होतं तेव्हा केबल लावलेली, आता पीसी आतल्या खोलीत हलवायचा होता आणि तिथपर्यंत केबल न्यायची तर दोन भिंती फोडाव्या लागल्या असत्या.

मी आपला पहिला बरा दिसला तो अडॅप्टर मागवला. नखाएवढा, पोर्टमध्ये गेला की दिसतही नाही असा. डब्यावर मोठ्या अक्षरांत वायफाय ६, त्याखाली ड्रायव्हर फ्री, आणि कोपऱ्यात विंडोज, मॅक, लिनक्स असं सगळं छापलेलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण असले डबे वेगवेगळ्या नावांनी सगळीकडे मिळतात आणि मुद्दा त्या एका कंपनीचा नाहीच.

लावल्यावर काय झालं तर डेस्कटॉपवर एक डिस्क उघडली. वायफाय नाही, डिस्क! आत विंडोजसाठीची एक ईएक्सई फाइल. हे मला तेव्हा माहीत नव्हतं म्हणून सांगतो, काही अडॅप्टर सुरुवातीला सीडी ड्राइव्ह असल्यासारखे वागतात, विंडोजमध्ये त्या डिस्कवरून ड्रायव्हर इन्स्टॉल होतो आणि मग ते स्वतःचं रूप बदलून वायफाय कार्ड होतात. ड्रायव्हर फ्री म्हणजे हे. लिनक्समध्ये त्यासाठी यूएसबी मोडस्विच नावाचं टूल आहे, ते त्या अडॅप्टरला ओळखत असेल तर आपोआप रूप बदलतं, नाहीतर डिस्क इजेक्ट करून बघायची. माझ्याकडे इजेक्ट केल्यावर एलएसयूएसबीमध्ये (यूएसबीला काय काय लावलंय ते दाखवणारी कमांड) आयडी बदललेला दिसला, म्हणजे वायफाय मोडमध्ये आला खरा, पण आता त्याच्यासाठी कर्नलमध्ये ड्रायव्हरच नाही. म्हणजे आगीतून फुफाट्यात.

कंपनीच्या साइटवर लिनक्स म्हणून एक झिप होती. आतल्या रीडमीमध्ये कर्नल ५च्या पुढचं नावच नाही. कोडपासून ड्रायव्हर बनवणारी मेक कमांड दिली आणि पानभर एरर. मग कोणीतरी गिटहबवर (लोक आपला कोड ठेवतात ती साइट) त्याच ड्रायव्हरचा दुरुस्त केलेला कोड ठेवलेला सापडला, तो ६.८वर कंपाइल झाला, वायफाय सुरू झालं, मी खूश होऊन निघून आलो. इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे, हे जे लोक कोणीही पैसे देत नसताना असल्या ड्रायव्हरना प्रत्येक नव्या कर्नलसाठी टाके घालत बसतात त्यांचे उपकार आहेत. पण ते एका माणसाच्या सवडीवर चालणारं काम आहे, त्याच्यावर बाबांचं रोजचं नेट अवलंबून ठेवणं बरोबर नव्हतं आणि ते मला पंधरा दिवसांनी कळलं.

बाबांचा फोन. "अरे, ते नेटचं चिन्हच गेलंय रे."

"बाबा, तुम्ही काही अपडेट केलंत का?"

"ते ढालीचं चिन्ह दाखवत होतं, तूच सांगितलं होतंस ना की आलं की करायचं."

खरंच मीच सांगितलं होतं. अपडेटमध्ये कर्नल बदलला आणि मी साध्या मेक इन्स्टॉलने टाकलेला ड्रायव्हर जुन्या कर्नलच्या फोल्डरमध्येच राहिला, नव्या कर्नलला त्याचा पत्ताच नाही. मग तोच ड्रायव्हर डीकेएमएसने टाकला, म्हणजे कर्नल बदलला की तो आपोआप पुन्हा कंपाइल होतो. तर सिक्युअर बूट आडवं आलं, पीसी सुरू होतानाची ही सुरक्षा डिजिटल सही नसलेला ड्रायव्हर लोड होऊ देत नाही, त्यासाठी स्वतःची की बनवायची, रीस्टार्टच्या वेळी त्या निळ्या स्क्रीनवर जाऊन ती एनरोल करायची. केलं तेही. चाललं. मग एकदा तिकडे गेलो असताना अपडेट मॅनेजरमधून ६.१४ कर्नल घेतला आणि या वेळी डीकेएमएसलाच एरर, कारण कर्नलच्या आतली काही फंक्शन्स बदललेली आणि गिटहबवरच्या कोडमध्ये ती दुरुस्ती अजून आलेली नव्हती. त्या दिवशी तो अडॅप्टर काढून ठेवला.

अशा वेळी पीसीवर नेट कुठून आणायचं हा प्रश्न पडतो, कारण ड्रायव्हर उतरवायला नेट पाहिजे आणि नेटसाठी ड्रायव्हर पाहिजे. त्याचं सोपं उत्तर खिशातच आहे. अँड्रॉइड फोन डेटा केबलने पीसीला लावा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला तो केबलने जोडलेल्या नेटवर्कसारखा दिसतो, काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही, आणि फोन घरच्या वायफायला जोडलेला असेल तर तेच नेट पीसीला मिळतं, मोबाइल डेटा पण जात नाही. फक्त केबल चार्जिंगपुरती नको, डेटा नेणारी हवी. बाबांना हे फोनवर समजावून पाच मिनिटांत जमलं.

आता मूळ मुद्दा. विंडोजमध्ये ड्रायव्हर देणं हे कंपनीचं काम असतं. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या आतच येतात, कर्नल बदलला की तेही त्याच्याबरोबर बदलतात, आतलं एखादं फंक्शन बदललं तर ज्याने बदललं तोच सगळ्या ड्रायव्हरमध्ये दुरुस्ती करतो. म्हणून लिनक्स सपोर्टेड या दोन शब्दांचे दोन अगदी वेगळे अर्थ होतात. एक म्हणजे कर्नलमध्ये ड्रायव्हर आहे. दुसरा म्हणजे कधीतरी कुठल्यातरी कर्नलवर कंपाइल होणारी झिप कुठेतरी आहे. डब्यावर दोन्हीसाठी लिनक्सचा एकच पेंग्विन छापलेला असतो. खरेदी करताना मी आता फक्त पहिल्या अर्थाचंच घेतो, दुसऱ्यासाठी वेळ असणारे लोक आहेत, त्यांनी जरूर घ्यावं, पण घरच्या माणसाच्या मशीनमध्ये ते लावू नये हे माझं ठाम मत झालंय.

आणि ड्रायव्हर असतो चिपसाठी, अडॅप्टरसाठी नाही. हे एकदा लक्षात आलं की सगळा शोध उलटा होतो. आधी चिप ठरवायची, मग ती चिप कुठल्या अडॅप्टरमध्ये आहे ते बघायचं. एसी१२००, एसी१३००, एएक्स१८०० हे जे आकडे डब्यावर असतात ते फक्त दोन्ही बँडच्या (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) कागदावरच्या वेगांची बेरीज आहे, त्यावरून आत कुठली चिप आहे ते काही म्हणजे काही कळत नाही. मॉडेलच्या नावावरून पण नेहमी कळतंच असं नाही! टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन हे याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. त्याच्या पहिल्या व्हर्जनमध्ये अथेरॉसची एआर९२७१ चिप होती जी लिनक्सवाल्यांची फार लाडकी, आणि दुसऱ्या व्हर्जनपासून आत रिअलटेकची चिप आली, नाव तेच. त्यामुळे मॉडेलच्या पुढे व्ही१, व्ही२ असं जे बारीक अक्षरात असतं ते बघणं फार गरजेचं आहे, ते डब्याच्या मागच्या स्टिकरवर किंवा अडॅप्टरच्या पोटावर लिहिलेलं असतं. सेकंड हँड घेत असाल तर विकणाऱ्याकडून त्या स्टिकरचा फोटो मागवाच.

चिप ओळखायचे आणखी मार्ग सांगतो. स्टिकरवर एफसीसी आयडी असतो, तो एफसीसी या अमेरिकेच्या सरकारी संस्थेच्या डेटाबेसमध्ये टाकला की पुष्कळदा अडॅप्टर उघडून काढलेले आतले फोटो मिळतात, त्यात चिपवरची अक्षरं वाचता येतात. मी तीन अडॅप्टर असे बघून यादीतून काढून टाकले. अडॅप्टर हातात असेल तर एलएसयूएसबी कमांड द्या, चार चार अक्षरांचे दोन आकडे मध्ये कोलन देऊन येतात, तोच त्याचा आयडी. माझा ०ई८डी:७६१२ दाखवतो, म्हणजे पहिला भाग मीडियाटेक आणि दुसरा चिप. मग मॉडइन्फो कमांडला ड्रायव्हरचं नाव दिलं की तो ड्रायव्हर कुठकुठले आयडी ओळखतो त्याची अख्खी यादी येते, त्यात आपला आयडी असेल तर प्रश्न मिटला. हे सगळं घेण्याआधीसुद्धा करता येतं, कोणा ओळखीच्याकडे तो अडॅप्टर असेल तर लाइव्ह पेन ड्राइव्हवरून मिंट किंवा उबंटू चालू करायचं, इन्स्टॉल करायची गरज नाही, अडॅप्टर लावायचा, यादी येते का बघायची.

दुसरी गोष्ट, आपला कर्नल कुठला ते यूनेम -आर देऊन बघा, कारण चिपचा ड्रायव्हर कुठल्या कर्नलपासून आला त्यावर सगळं अवलंबून आहे. मी जे शोधून काढलं ते सांगतो.

एमटी७६१२यू आणि तिची धाकटी बहीण एमटी७६१०यू, या दोन्ही कर्नल ४.१९पासून, म्हणजे ऑक्टोबर २०१८पासून आत आहेत. आज कोणी वापरत असेल असं जवळपास कुठलंही डिस्ट्रो (मिंट, उबंटूसारखा लिनक्सचा प्रकार) याच्या पुढचंच आहे. यातली ७६१२ दोन अँटेनाची, ७६१० एका अँटेनाची, दोन्ही वायफाय ५.

वायफाय ६ आणि ६ गिगाहर्ट्झ पाहिजे असेल तर एमटी७९२१एयू, ही कर्नल ५.१८पासून, मे २०२२. इथे एक खड्डा आहे, उबंटू २२.०४ आणि त्यावरचं मिंट २१ मूळ ५.१५ कर्नल घेऊन येतं, त्यावर ही चिप चालत नाही, नवा कर्नल घ्यावा लागतो. डेबियन १२मध्ये ६.१ आहे, उबंटू २४.०४मध्ये ६.८, तिथे अडचण नाही. अल्फाचा एडब्ल्यूयूएस०३६एएक्सएमएल यात येतो. वायफाय ७ची एमटी७९२५ कर्नल ६.७पासून आहे, ती मी वापरलेली नाही.

रिअलटेकबद्दल लोक सरसकट नको नको म्हणतात, मला ते आता पटत नाही. पूर्वी त्यांच्या पुष्कळ यूएसबी चिपसाठी कर्नलबाहेरचाच ड्रायव्हर लागायचा हे खरं आहे, पण ६.२ कर्नलपासून म्हणजे फेब्रुवारी २०२३पासून आरटीएल८८२१सीयू, आरटीएल८८२२बीयू वगैरे कर्नलमध्ये आल्या आणि मार्च २०२५च्या ६.१४मध्ये आरटीएल८८१२एयू, आरटीएल८८२१एयू पण आल्या. म्हणजे ज्यांच्या कपाटात असला जुना अडॅप्टर पडून आहे त्यांनी नव्या कर्नलवर एकदा लावून बघावा, नवीन घ्यायची गरजच उरणार नाही कदाचित. जुना ड्रायव्हर डीकेएमएसने टाकलेला असेल तर तो आधी काढा, नाहीतर दोन्ही एकमेकांच्या पायात येतात.

आणि अगदी जुन्या मशीनला, नुसतं २.४ गिगाहर्ट्झ चाललं तरी बास असेल तर एआर९२७१ अजूनही उत्तम. वेग कागदावर १५० एमबीपीएस, पण ड्रायव्हर २०१०च्या आसपासपासून कर्नलमध्ये आहे आणि तिचं फर्मवेअरसुद्धा (चिपच्या आत चालणारा प्रोग्राम) खुलं आहे, म्हणजे त्याचा कोड कोणालाही बघता येतो, ही गोष्ट वायफायच्या जगात फार दुर्मिळ आहे. ज्यांना मशीनमध्ये एकही बंद फाइल नको असते ते तिलाच धरून बसलेत आणि त्यांचं बरोबर आहे.

फर्मवेअरवरून आठवलं. ड्रायव्हर कर्नलमध्ये असला तरी चिपच्या आत घालायची एक छोटी फाइल वेगळी लागते, ती लिनक्स फर्मवेअर नावाच्या पॅकेजमधून येते. मिंट, उबंटू, फेडोरामध्ये ते आधीपासून असतं त्यामुळे आपल्याला जाणवत पण नाही. डेबियनवर मात्र पूर्वी लोक इथेच अडकायचे, इन्स्टॉलरमध्ये बंद फर्मवेअर नसायचं आणि वायफाय मेलेलं दिसायचं. २०२३च्या डेबियन १२पासून ते इन्स्टॉलरमध्येच दिलंय. तरी अडॅप्टर लावून काहीच दिसत नसेल तर डीएमईएसजी (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) देऊन तिच्या शेवटच्या वीस पंचवीस ओळी वाचा, फर्मवेअर फाइल मिळाली नाही असं तिथे स्वच्छ लिहिलेलं असतं, त्यावरून पॅकेज टाकलं की काम होतं. लोक इथे घाबरून डिस्ट्रोच बदलतात, गरज नसते.

एवढं सगळं करून मी एमटी७६१२यूवर आलो. वायफाय ६ची का नाही घेतली? कारण बाबांचा राउटर वायफाय ५चा आहे, आणि मला जितका जुना ड्रायव्हर तितका चांगला वाटत होता, सात वर्षं लोकांनी घासूनपुसून वापरलेला. ही चिप नेटगिअरच्या ए६२१०मध्ये पण आहे, पण मला बाहेरच्या अँटेना हव्या होत्या म्हणून अल्फा.

आता वापराबद्दल.

दिसायला मोठा आहे, पोर्टमध्ये लपणारा नाही, दोन अँटेना फिरवून काढता येतात आणि तो वायरीने पीसीला जोडायचा, त्यामुळे टेबलावर कुठेही ठेवता येतो. लॅपटॉप घेऊन फिरणाऱ्यांना हा गैरसोयीचा, डेस्कटॉपला मात्र हाच आकार फायद्याचा. नखाएवढ्या अडॅप्टरची अँटेना पण नखाएवढीच असते आणि तो कॅबिनेटच्या मागे लोखंडी पत्र्याला चिकटून बसतो, सिग्नल येणार कुठून. त्याच खोलीत, त्याच राउटरवरून, जुन्यावर सिग्नल उणे ७४ डीबीएमच्या (शून्याच्या जितका जवळ तितका चांगला) आसपास असायचा, यावर टेबलाच्या कडेला ठेवून उणे ५८. हा फरक फार मोठा आहे, व्हिडिओ कॉल अडकणं आणि न अडकणं यातला.

वेगाचं म्हणाल तर ५ गिगाहर्ट्झवर लिंक ८६७ एमबीपीएसची दाखवतो, तो कागदी आकडा. त्याच घरात राउटरला केबलने जोडलेल्या लॅपटॉपकडे आयपर्फ३ने (वेग मोजायचं टूल) मोजलं तर राउटरच्या खोलीत ३५०च्या वर, दोन भिंतींआड बाबांच्या खोलीत २०० ते २४०. यूएसबी २ पोर्टमध्ये लावला की जवळूनही २००च्या थोडं वर अडतो, तेव्हा वेग पाहिजे असेल तर निळा, म्हणजे यूएसबी ३ पोर्ट. बाबांना याच्या एक दशांश पण लागत नाही तो भाग वेगळा. वायफायची नवी सुरक्षा पद्धत डब्ल्यूपीए३, तीही चालली. हॉटस्पॉट पण करून बघितला, ५ गिगाहर्ट्झवर फोन जोडला, बिनतक्रार. आयडब्ल्यू लिस्ट दिलं की चिप कायकाय करू शकते ते येतं, त्यात एपी (हॉटस्पॉट बनणं) आणि मॉनिटर (आजूबाजूचं वायफाय नुसतं ऐकणं) दोन्ही मोड आहेत, ज्यांना नेटवर्क शिकायचंय त्यांना ही चिप त्यासाठी पण चांगली.

एक त्रास झाला, तो अडॅप्टरचा नव्हता पण सांगायलाच पाहिजे कारण पुष्कळ जण यावरून चांगला अडॅप्टर परत करत असतील. पहिल्या आठवड्यात अधूनमधून नेट एकदम मंद व्हायचं, पिंगला (संदेश जाऊन उत्तर यायला) दोन दोन सेकंद. काही ताळमेळ लागेना. ड्रायव्हरवर शंका, राउटरवर शंका, पॉवर सेव्ह बंद करून बघितलं, तरी तेच. शेवटी लक्षात आलं की बाबा फोटोंचा बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेत असले की हे होतं. हार्ड डिस्क यूएसबी ३ची, अडॅप्टरच्या अगदी शेजारच्या पोर्टमध्ये, आणि तेव्हा वायफाय २.४वर जोडलेलं होतं. यूएसबी ३ चालू असताना त्याचा जो रेडिओ गोंगाट होतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो, इंटेलने २०१२मध्येच यावर पेपर काढलेला आहे. उपाय काय, तर अडॅप्टरला एक मीटरची चांगली एक्स्टेन्शन केबल लावून तो डिस्कपासून लांब कपाटावर ठेवला आणि कनेक्शन ५ गिगाहर्ट्झवर कायम केलं. त्यानंतर एकदाही झालं नाही. म्हणून कुठलाही यूएसबी वायफाय अडॅप्टर घ्या, बरोबर एक्स्टेन्शन केबल घ्याच, ही मी सांगेन ती सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी गोष्ट आहे.

पॉवर सेव्हचं पण सांगून टाकतो. कनेक्शन नुसतं पडून असताना तुटत असेल तर नेटवर्क मॅनेजरच्या सेटिंगमध्ये वायफाय डॉट पॉवरसेव्हची किंमत २ करा, २ म्हणजे बंद, ३ म्हणजे चालू, मी सुरुवातीला उलटं समजून बसलो होतो. डेस्कटॉपला वीज वाचवायची काही गरज नसते, बंदच ठेवा. आणि या चिपचं काही यूएसबी कंट्रोलरशी पटत नाही असं झालं तर एमटी७६_यूएसबी मॉड्यूलला डिसेबल_यूएसबी_एसजी=१ असा पर्याय द्यायची सोय ड्रायव्हरमध्येच आहे. मला लागली नाही, पण लहान बोर्डवर वापरणार असाल तर लिहून ठेवा.

काय नाहीये ते पण सांगतो. ब्लूटूथ नाही. बाबांना ब्लूटूथ हेडफोन हवा होता, त्यासाठी वेगळा डोंगल घ्यावा लागला. वायफाय ६ नाही, तेव्हा राउटर नवा असेल आणि मोठ्या फाइल घरातल्या घरात हलवायच्या असतील तर थोडे जास्त घालून एमटी७९२१एयूवाला घ्या, कर्नल तेवढा तपासून.

आणि लॅपटॉपवाल्यांनी यूएसबी अडॅप्टर घ्यायच्या आधी एकदा खालचं झाकण उघडून बघावं. आतलं वायफाय कार्ड एम.२ स्लॉटमध्ये असेल तर तेच बदलून इंटेलचं एएक्स२०० किंवा एएक्स२१० टाकता येतं, पहिल्याला कर्नल ५.१, दुसऱ्याला ५.१० पुरतो, ब्लूटूथ पण त्यातच मिळतं आणि बाहेर काही लोंबत नाही. फक्त एएक्स२०१ किंवा एएक्स२११ चुकून घेऊ नका, ती कार्डं ठरावीक इंटेल प्रोसेसरच्या मशीनमध्येच चालतात, एका आकड्याच्या फरकाने पैसे वाया जातात. काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये ठरावीक कार्डांचीच यादी असते, तेही मॉडेलप्रमाणे आधी शोधून घ्या.

या सहा महिन्यांत बाबांच्या मशीनवर ६.१४ कर्नलचे बरेच अपडेट येऊन गेले, सगळे त्यांनी स्वतः ढालीवर क्लिक करून टाकले. वायफायवरून एकदाही फोन आला नाही. मधे एकदा फोन आला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता, पण त्यांना प्रिंटरचा कागद अडकलाय हे सांगायचं होतं.

पहिला नखाएवढा अडॅप्टर मी भाच्याला दिला, त्याच्या विंडोजच्या पीसीवर तो नीट चालतोय. अल्फाला माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा ब्लूटूथसाठी कापला. कोणाकडे एमटी७९२५वाला यूएसबी अडॅप्टर असेल आणि तो सलग महिनाभर तरी लिनक्सवर वापरला असेल तर कर्नल नंबर आणि एलएसयूएसबीच्या आयडीसकट सांगा, पुढच्या वर्षी माझ्या स्वतःच्या मशीनला तोच घ्यायचा विचार आहे.